न दमणारे घोडे

आजोबाचं वय बावीस. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि वसतिगृहात त्याला खऱ्या नावाने हाक मारणारा फाटकावरचा रखवालदार सोडला तर कुणी उरलं नव्हतं. रात्री गरम पाणी पिऊन सगळ्यांच्या आधी झोपणारा, उन्हाळ्यातही कानाला वारा लागू न देणारा, टॉवेल वाळत घालताना चारही कोपरे ओढून सरळ करणारा मुलगा. त्याला दुसरं काय म्हणणार? पहिल्या वर्षी या नावाचा त्याला राग यायचा. मग राग येऊन येऊन थकला आणि नाव अंगात मुरलं. तसं ते सोयीचंही होतं. आजोबाशी कुणी भांडत नाही, आजोबाला कुणी सिगारेट आणायला पाठवत नाही, आणि आजोबावर जो तो डोळे मिटून विश्वास टाकतो.

या विश्वासापायीच पुढचं सगळं झालं.

वसतिगृहात दीडेक वर्षापूर्वी घोड्यांची साथ आली. खरे घोडे नव्हेत, फोनमधले. सहा रंगांचे सहा घोडे, एकावर पैसे लावायचे, एक शर्यत संपते न संपते तोच दुसरी सुरू. दिवसा, रात्री, सुट्टीच्या दिवशी, कुणी मेलं असलं तरी. खऱ्या घोड्याला निदान धाप लागते, त्याला पाणी दाखवावं लागतं, पाय मुरगळला तर चार दिवस तबेल्यात उभं राहायला मिळतं. हे घोडे दमतच नव्हते. दमायची ती पोरं दमत होती. तासाला मागच्या बाकावर बसून उघड्या डोळ्यांनी झोपायची. परीक्षेच्या हॉलमध्ये उत्तरपत्रिकेवर नंबर घालून अर्ध्या तासात उठायची. एकाने बहिणीने दिलेलं घड्याळ विकलं आणि बहिणीला सांगितलं की नळाखाली हात धुताना निसटलं. मुलींच्या वसतिगृहातही फार वेगळं नव्हतं, असं ऐकू यायचं. पळसाला पानं तीनच.

सोडायचं मात्र सगळ्यांनाच होतं. आणि खातं बंद करायचं कुणालाच नव्हतं. यात हे घोडे पळवणाऱ्या कंपनीची हुशारी होती. प्रत्येकाच्या खात्यात तिने थोडी रक्कम बक्षीस म्हणून टाकून ठेवलेली. ती दिसायची, पण काढता यायची नाही. आणखी एवढ्या शर्यती खेळा, मग काढा. खातं बंद केलं की ती बुडाली. फुकटातलं बुडालं तरी माणसाला घरचं बुडाल्यासारखं लागतं, हे त्या कंपनीत बसलेल्या कुणाला तरी नीट ठाऊक होतं.

यावरचा तोडगा उंटाने काढला.

उंट हा आजोबाच्या खोलीतला दुसरा मुलगा. उंच, मान पुढे काढून चालणारा, म्हणून उंट. घोड्यांच्या नादी लागून त्याचं एक वर्ष गेलं होतं आणि दुसरं जायच्या बेतात होतं. त्याचे वडील घरोघर फरशा बसवायचे. आयुष्यभर उकिडवं बसून दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तरी काम चालू. पोराच्या फीसाठी त्यांनी बँकेत एक खातं काढून दिलं होतं, आणि त्यातून पैसे हलले की मेसेज त्यांच्या फोनवर जायचा. मागच्या वेळी असे मेसेज एका आठवड्यात इतके गेले, की ते काम अर्धवट टाकून आले आणि वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसून पोराशी बोलले. रागावले नाहीत. म्हणाले, "परीक्षेपर्यंत थांबतो. पण पुन्हा असा एक जरी मेसेज आला ना, तर सामान बांधायचं. मग माझ्याबरोबर फरशा उचलायच्या. मला आता उचलवत नाहीत." त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उंटालाही ते ठाऊक होतं.

त्याच दिवशी त्याने आपला फोन आजोबापुढे धरला. "पासवर्ड बदल घोड्यांचा. मला सांगू नकोस. आणि संध्याकाळ झाली की फोनच तुझ्या कपाटात टाक."

"त्यापेक्षा खातं बंद कर की."

"बक्षीस अडकलंय ना त्यात."

"अरे, सहा घोडे आहेत आणि जिंकलं तर पाचपट मिळतात. पहिलीतल्या पोराला कळेल कोण जिंकणार ते. ते बक्षीस तुला कधी मिळणार नाही."

"कळतं रे," उंट म्हणाला. "मलाही संख्याशास्त्रच आहे. तू पासवर्ड बदल."

आजोबाने बदलला. उंटाचा फोन एका जुन्या पायमोज्यात घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आणि किल्ली आपल्या बनियनच्या आत दोऱ्याला बांधली. उंट त्या रात्री घोरला. कितीतरी महिन्यांनी.

एकाचं पाहून दुसरा आला. शेजारच्या खोलीतला पोपट आला, ज्याला बोलल्याशिवाय जेवण पचत नसे. मग वरच्या मजल्यावरचे आले. संध्याकाळी जेवणाच्या आधी कपाटापुढे रांग लागायची. "आजोबा, ठेवा." "आजोबा, माझा जरा खाली ठेवा, तापतो तो." सगळ्यांचे नवे पासवर्ड एकट्या आजोबाच्या डोक्यात. आणि घरचे फोन संध्याकाळीच येतात, म्हणून फोन उघडायची खूणही प्रत्येकाने सांगून ठेवलेली. आजोबा वाजणारा फोन कपाटातून काढायचा आणि कुणाकुणाच्या आईशी बोलायचा. "हो काकू, जेवला. अंघोळीला गेलाय. हो, स्वेटर घालतो." पोपटाची आई तर नंतर पोपटाला मागायचीच नाही. ती आजोबालाच विचारायची, "तुझा खोकला कसा आहे रे?" आणि फोन ठेवताना म्हणायची, "तू आहेस तिथे, म्हणून मला घोर नाही."

कुलूप लावायचं आणि किल्लीबरोबर घरही एकाच्याच हाती द्यायचं, हे फक्त शिकलेल्या माणसांनाच सुचतं. आजोबा कधी खेळला नव्हता, एवढाच त्यांचा हिशोब. पण जो कधी पाण्यात उतरलाच नाही, तो उतरल्यावर बुडत नाही असं थोडंच असतं.

आजोबाला मोह झाला नाही, हेही खरं. त्याला आला तो कंटाळा, आणि कंटाळ्यातून चीड. रोज संध्याकाळी तीच तोंडं, तेच अडकलेलं बक्षीस, तीच रडगाणी. त्याच्या मनात आलं, हे बक्षीस एकदाचं मोकळं करून टाकलं तर? हिशोबाने खेळलं, कमीत कमी लावलं, सहाही घोड्यांवर वाटून लावलं, तर नुकसान थोडं होईल, शर्यतींची अट पुरी होईल, उरलेलं काढून ज्याचं त्याला देता येईल. मग खाती कायमची बंद. परीक्षा संपल्यावर सगळ्यांना सांगायचं. कागदावर त्याने गणित मांडलं. गणित बरोबर होतं. गणितात कधीच काही चुकलं नाही.

आजोबा पहाटे उठणारा. सगळं वसतिगृह गाढ झोपलेलं असे तेव्हा तो कपाट उघडून उंटाचा फोन पायमोज्यातून काढायचा आणि गच्चीच्या जिन्यात बसून काम करायचा. काम, असंच तो मनात म्हणायचा. पहिले काही दिवस कामासारखंच होतं. वाटून लावायचं, थोडं जायचं, थोडं यायचं. मग एकदा जांभळा घोडा लागोपाठ जिंकला, आणि आजोबाच्या मनात आलं, आज वाटून न लावता जांभळ्यावर लावलं असतं तर अट आजच पुरी झाली असती. दुसऱ्या दिवशी त्याने लावलं. जांभळा आला. पोटात काहीतरी गरम पसरलं आणि ते दुपारपर्यंत उतरलं नाही. नऊ वर्षांचा असताना त्याला शाळेत धावण्यात बक्षीस मिळालं होतं, त्यानंतर अंगाला असं काही झालंच नव्हतं.

मग गजर व्हायच्या आधी जाग येऊ लागली. मग जाग आल्यावर पहिला विचार जांभळ्याचा. प्रकल्पाचे कागद टेबलावर जिथल्या तिथे राहिले आणि मार्गदर्शक बाईंनी दोनदा विचारलं, "बरं नाही का तुला?" इतर पोरांचे फोनही तो उघडू लागला, एकेकाचं बक्षीस असं मोकळं होत होत नाहीसं झालं. कुणाचं काही बुडालं नाही, तो स्वतःला समजावायचा. जे त्यांचं नव्हतंच ते गेलं. संध्याकाळी मात्र रांगेतली तोंडं बघताना मान वर उचलायला जड जायची. कुंपणच शेत खात होतं, आणि शेताला त्याचा पत्ता नव्हता.

एका पहाटे उंटाच्या खात्यातलं सगळं संपलं. एका शर्यतीने अट पुरी होत होती. पडद्यावर हिरवं बटण होतं, 'भरा'. बँकेचं खातं आधीपासून जोडलेलंच होतं. आजोबाने बटण दाबलं. नंतर कितीदा तरी त्याने आठवून पाहिलं की त्या क्षणी उंटाचे वडील आपल्या डोळ्यांपुढे आले होते का, पायरीवर बसलेले, गुडघ्यावर हात ठेवलेले. आले नव्हते. फक्त जांभळा होता. तो चौथा आला.

दुपारी ग्रंथालयात उंट त्याला शोधत आला. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. समोरची खुर्ची ओढून बसला.

"बाबांना मेसेज गेलाय. उद्या येतायत."

आजोबाने पुस्तकात बोट घालून ठेवलं.

"मी नाही खेळलो," उंट म्हणाला. "फोन तर तुझ्याकडे असतो. पासवर्ड पण मला माहीत नाही."

"कंपनीची काहीतरी चूक असेल."

"हं." उंटाने टेबलावरच्या एका रेघोटीवरून नख ओढलं. "चूक असेल."

तो गेल्यावर आजोबा तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसला. आत्ता उठावं, मागे पळावं, सांगून टाकावं. हे त्याला कळत होतं. उठवलं नाही. संध्याकाळी रांग लागली. त्याने फोन घेतले, मोजून ठेवले, कुलूप लावलं. उंटाने आपला फोन दिला नाही. देऊन काही उपयोगही नव्हता आता. अंधार पडल्यावर दोघे आपापल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि दोघांनाही ठाऊक होतं की दुसरा जागा आहे.

सकाळी वडील आले. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढले. खोलीत आल्यावर बसले नाहीत. सवयीने आधी खाली पाहिलं. आजोबाच्या खाटेपाशी एका फरशीवर टाच आपटली, कान दिला.

"ही पोकळ आहे. खाली सिमेंटचा माल भरला नाही नीट. वरून कळत नाही." मग पोराकडे वळले. "बांधलंस सामान?"

"बाबा, मी नाही खेळलो."

"मागच्या वेळी पण तूच नव्हतास. त्याच्या आधी पण." आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता. "मी भांडायला नाही आलो रे. माझ्यात तेवढा जीव नाही आता. बॅग घे."

"परीक्षा पंधरा दिवसांवर आहे."

"माहीत आहे."

उंटाने खाटेखालून बॅग ओढली आणि कपडे घड्या न घालताच भरू लागला. आजोबा टेबलाला टेकून उभा होता. शेवटी तो म्हणाला,

"काका, मी खेळलो."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं.

"त्याच्या फोनवरून मी खेळलो. पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. पहाटे, तो झोपलेला असताना. त्याची काही चूक नाही."

 बाहेर कुणीतरी बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग उंटाचे वडील लंगडत पुढे आले, आणि आजोबाला वाटलं आता थोबाडीत बसेल, आणि बसलेली बरी. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तळवा खरखरीत होता, सिमेंटने खाल्लेला.

"बाळा," ते म्हणाले, "तुझ्या आईबापांनी तुला चांगलं वळण लावलंय. पण दुसऱ्याचं पाप असं आपल्या अंगावर घेऊ नये. त्याने त्याचं भलं होत नाही." मग पोराकडे न बघता, "बघ. मित्र बघ कसा मिळालाय. आणि तू."

आजोबाच्या हाताशी, टेबलावर, उंटाचा फोन पडलेला होता. त्यात प्रत्येक शर्यतीची वेळ होती. सगळ्या पहाटेच्या, सगळ्या कपाटाला कुलूप असतानाच्या. उचलून काकांच्या हातात द्यायचा, एवढंच काम होतं. खरंच सांगतोय काका, हे बघा. आजोबाने तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी त्याच्या आत काहीतरी सैल झालं, छातीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं. सुटलो, असं त्याला वाटलं. आपण सांगितलं, त्यांनी मानलं नाही, आपला काय दोष? ते वाटणं इतकं बरं होतं की त्याला स्वतःची शिसारी आली. पण तोंड मिटलं ते मिटलंच. उंटाने टेबलावरून फोन उचलला आणि खिशात टाकला.

वडील पुढे निघाले, त्यांना उतरायला वेळ लागणार होता. आजोबाने बॅगेचा एक बंद धरला. उंटाने धरू दिला. जिन्याच्या वळणावर उंट थांबला. खाली एक पायरी, एक पायरी, वडिलांच्या चपला वाजत होत्या.

"तू सांगितलंस," उंट म्हणाला. "एकदा."

"तू का नाही बोललास? तुला तर कळलंच होतं. कालच."

"माझं कोण ऐकणार आहे?" त्याने बॅग आपल्याकडे ओढून घेतली. "मी इतक्यांदा 'नाही' म्हटलंय ना, की आता खरं 'नाही' म्हटलं तरी मलाच ते खोटं वाटतं. काल रात्री पडल्या पडल्या मी विचार करत होतो, झोपेत तर नाही खेळलो आपण?" तो जरासा हसला. दातही दिसले नाहीत. "किल्ली कुणाकडे देणार आता?"

 उंट खाली गेला. फाटकापाशी वडिलांनी त्याच्या हातून बॅग घ्यायचा प्रयत्न केला, त्याने दिली नाही, आणि दोघे एकमेकांपासून थोडं अंतर ठेवून रस्त्याला लागले. मान पुढे काढून चालणारा उंट वडिलांच्या पावलाशी जुळवून घेत सावकाश चालला होता.

दिवसभर आजोबा खोलीत बसून राहिला. पोकळ फरशीवर पाय पडला की ती वाजायची. आजवर त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी दारावर टकटक झाली. पोपट पुढे, त्याच्यामागे नेहमीचे, आणि त्यांच्याही मागे दोनतीन नवी तोंडं.

आजोबाने दोरा गळ्यातून काढला. "पोपट, किल्ली आजपासून तू ठेव."

पोपट दोन पावलं मागे सरला. "माझ्याकडे? मी काय तुझ्यासारखा आहे का?"

"मी खेळलो, पोपट. उंटाच्या फोनवरून. तुझ्याही. तुझं बक्षीस उघडून बघ, शून्य आहे."

पोपट मग मागे वळून बाकीच्यांना म्हणाला, "सांगितलं नव्हतं मी? काकांच्या समोर पण हेच म्हणाला. शब्द न् शब्द. मी भिंतीला कान लावून ऐकलंय." आणि आजोबाकडे वळून, हळू आवाजात, "उंट गेला, त्याचं वाईट सगळ्यांनाच वाटतंय रे. पण तू किती ओढवून घेशील अंगावर? माझं बक्षीस शून्य असलं तर बरंच आहे, कटकट गेली. हे बघ, हे पहिल्या वर्षाचे आहेत. यांना कळलं तू कसा आहेस ते, म्हणून आलेत."

मागून एक मुलगा पुढे झाला. ओठावर नुकती लव फुटलेली, डोळे तांबारलेले, जागरणाने की रडण्याने कोण जाणे. त्याने फोन दोन्ही हातांनी पुढे धरला.

"मला सोडायचंय," तो म्हणाला. "घरी काही माहीत नाही. तुम्ही ठेवाल ना?"

आजोबाने पोपटाकडे पाहिलं, मग रांगेकडे. एकेक तोंड पाहिलं. किल्ली द्यावी असं एकही सापडलं नाही, आणि परत न्या म्हणावं तर तो मुलगा फोन पुढे धरून तसाच उभा होता. तिसऱ्यांदा सांगायला त्याच्या अंगात त्राण नव्हतं. खरं सांगून खोटं ठरायचं, यासारखं थकवणारं दुसरं काही नसावं.

त्याने कपाट उघडलं. वरच्या खणात उंटाचा पायमोजा तसाच पडलेला होता, रिकामा. आजोबाने नव्या मुलाचा फोन हातात घेतला आणि तो उघडायचा कसा ते त्याला विचारलं.